एक नंबरचं बटण

"या सिंहाला काही कामधंदा दिसत नाही," नाना म्हणाले. "पळापळ सगळी सिंहिणीची, आणि पानावर पहिला बसणार हा."

माई खाली बसून मटार सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग यात तुम्हाला नवल कशाचं वाटलं?"

नानांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. टीव्हीवर आफ्रिकेतलं उंच गवत होतं. गवतात सिंहीण दबा धरून बसली होती आणि अलीकडे एक हरीण मजेत चरत होतं. मागून एक भारदस्त आवाज सांगत होता, की या हरणाला अजून संकटाची चाहूल लागलेली नाही.

"आता हे बघ वृंदा," नाना मला म्हणाले. "याला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे. मग हरणाला सांगायला काय जातं याचं?"

"नाना, त्यांनी मध्ये पडायचं नसतं. माहितीपट आहे तो."

"मग ती माहिती हरणाला द्या ना. खरी गरज त्याला आहे."

एवढ्यात टीव्हीवर ठेवलेल्या पेटीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. माई मटाराची परात बाजूला सारून उठल्या आणि त्यांनी दोन नंबरचं बटण दाबलं. मी चार नंबरचं दाबलं. नानांनी आधी हरणाचं काय होतंय ते पाहिलं, मग एक नंबरचं बटण अगदी रुबाबात दाबलं. दिवे हिरवे झाले आणि पेटी गप्प बसली.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा टीव्हीला वर काहीतरी ठेवण्याइतकं डोकं असायचं. आमच्या घरी त्या डोक्यावर ही पेटी होती. कुठला कार्यक्रम किती लोक बघतात, हे मोजणाऱ्या एका कंपनीने नाशिकमधली काही घरं निवडली होती आणि त्यात आमचं नाव लागलं होतं. पेटीसोबत एक वेगळा रिमोट होता. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण. एक नंबर नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. दोन माईंचा, तीन माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, आणि चार माझा. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबून दिवा बंद करायचा. मधूनमधून पेटी स्वतःच लुकलुकून विचारायची, की आहात ना अजून. आणि हे सगळं कुणाला सांगायचं नाही, अशी अट होती. माईंनी ती पाळली. खालच्या मजल्यावरच्या बोरस्तेकाकूंनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की ते व्होल्टेजचं यंत्र आहे.

नानांच्या आयुष्यात निवृत्तीनंतर एवढी मानाची गोष्ट दुसरी घडली नव्हती. ते एस.टी.त तिकीट तपासनीस होते. रस्त्यात मध्येच गाडी थांबवून वर चढणारे, ज्यांना पाहून निम्मी गाडी खिसे चाचपायला लागते, ते. एकदा त्यांनी स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याला सिन्नरच्या गाडीत विनातिकीट पकडून दंड भरायला लावला होता. त्या दिवाळीला माईंच्या माहेरून फराळ आला नाही. नाना म्हणाले, नाही तरी त्यांच्या चकल्या मऊ असतात.

असा माणूस टीव्हीसमोर बसला की काय होणार? प्रत्येक कार्यक्रमाला नाना हात पुढे करून उभेच. बातम्यांतल्या चर्चेत एका वेळी सहा जण बोलायला लागले की म्हणायचे, "गाडीत सहा ड्रायव्हर आणि कंडक्टर एकही नाही." स्वयंपाकाच्या कार्यक्रमातली बाई पदार्थ चाखून डोळे मिटून घ्यायची. नानांना ते बिलकूल पटायचं नाही. "हिला रोजच कसं जमतं? एक दिवस तरी म्हण ना बाई, की मीठ जास्त झालं, आज भात-पिठलं खाऊ." गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांचे डोळे भरून आले की नाना घड्याळ बघायचे आणि पोरगं गायलं किती नि परीक्षक रडले किती, याचा हिशोब मांडायचे. पौराणिक मालिकेत देव आशीर्वाद द्यायला हात वर करायचे आणि तो हात तीन-तीन बाजूंनी दाखवायचे. नाना म्हणायचे, "एकदाच दाखवा. देवाचा हात आहे, दुखत असेल."

आवडलेल्या गोष्टींनाही ते तितक्याच मोकळेपणी चांगलं म्हणत. कोकणातला डोंगर पोखरून बोगदा कसा काढला, यावरचा एक माहितीपट त्यांनी तीनदा पाहिला. त्यात कुणी रडत नव्हतं, कुणी कुणाकडे वळून बघत नव्हतं. शेवटी दोन्ही बाजूंनी खणत आलेली माणसं मध्ये भेटतात आणि एकमेकांना बिडी देतात. "याला म्हणतात कार्यक्रम," नाना म्हणाले होते, आणि बराच वेळ त्यांनी चॅनेल बदललं नव्हतं.

पेटीच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. "बटण म्हणजे तिकीट. गाडी आवडली म्हणून कुणी तिकीट काढत नाही. बसलो म्हणून काढायचं, उतरलो की संपलं."

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग त्याच गाडीत आमची विशाखा चढली.

विशाखा माझी नणंद, नाना-माईंची धाकटी. बँकेत चांगली नोकरी होती. शाळेपासून नाटकांत कामं करायची, स्पर्धांतून बक्षिसं आणायची. एक दिवस तिने बँकेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि मुंबईला जाऊन उभी राहिली. सहा-सात महिने काहीच झालं नाही. मग तिला सोमवार ते शुक्रवार रात्री आठला लागणाऱ्या एका मालिकेत थोरल्या सुनेचं काम मिळालं. रेवती नावाची. मोठा बंगला, जिन्यावरून उतरणारी सासू, आणि कुणी काही बोललं की सगळ्यांचे चेहरे एकेक करून दाखवायचे, अशी ती मालिका.

नानांनी लगेच कंपनीच्या सोनजेंना बोलावून घेतलं. सोनजे म्हणजे महिन्यातून एकदा पेटी तपासायला येणारा गरीब स्वभावाचा तरुण माणूस. "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतंत, घरात टीव्हीत काम करणारं कुणी आहे का. आता आहे."

"इथे राहतात का त्या?"

"मुंबईला राहते."

"मग चालतंय काका. घरात राहणाऱ्यांचंच धरतो आम्ही."

"तुमचं चालत असेल," नाना म्हणाले. पण त्यांचं काही समाधान झालं नाही.

पहिला भाग आम्ही सगळ्यांनी बटणं दाबून पाहिला. माईंनी टीव्हीला हळदकुंकू लावलं होतं. विशाखा दिसली, तिला सासू बोलली, ती रडली. माई पण रडल्या. भाग संपता संपता फोन वाजला.

"कसं झालं?" तिने नानांनाच विचारलं. माई समोरून हातवारे करत होत्या. सांभाळून बोला, म्हणत होत्या.

नाना म्हणाले, "रडताना तू एका हाताने केस मागे घेतलेस आणि दुसऱ्या हाताने पदर सावरलास. माणूस खरं रडतं ना, तेव्हा त्याला आपले हात कुठे आहेत ते कळत नाही. तू रडत नव्हतीस. रडताना बरी दिसत होतीस."

मग विशाखा म्हणाली, "बरं. माईला द्या."

त्या दिवसापासून विशाखाचा फोन संध्याकाळी पाचला यायला लागला. पाचला नाना पाय मोकळे करायला बाहेर जात, हे तिला माहीत होतं. नानांनाही कळलं असणार, कारण एकदा पावणेपाचलाच त्यांना चप्पल घालताना पाहून मी विचारलं, तर म्हणाले, "उगीच कुणाचा फोन खोळंबायला नको."

आणि आठच्या मालिकेला त्यांनी हॉलमध्ये बसणं सोडलं. आठ वाजले की बटण दाबून आपला दिवा बंद करत, झारी भरून घेत आणि गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जात. माईंना ते फार लागलं. जगातली हरणं आणि बोगदे चालतात, पोटची पोर चालत नाही, असं त्या माझ्याजवळ बोलून दाखवत. समोर मात्र काही म्हणत नसत. त्यांचा निषेध वेगळ्या मार्गाने चालू होता, तो एका संध्याकाळी उघडकीला आला.

नाना प्यायला पाणी घ्यायला आत आले आणि टीव्हीपाशी थबकले.

"माझा दिवा का लागलाय?"

माई परातीत बघून म्हणाल्या, "तुम्ही घरात आहात ना."

"मी गॅलरीत आहे."

"गॅलरी घरातच येते."

"आणि श्रीकांत? तो दुसऱ्या पाळीला गेलाय. त्याचा पण हिरवा?"

"येईल की अकराला."

नाना शांतपणे म्हणाले, "गाडीत बसलेला माणूस विनातिकीट, हे मी जन्मभर पाहिलं. पण न बसलेल्या माणसाचं तिकीट फाडलेलं आजच बघतोय." त्यांनी एक आणि तीनचं बटण दाबलं. दोन दिवे विझले. माई तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या दिवशी नानांच्या आमटीत मीठ नव्हतं. नानांनी ते बोलूनही दाखवलं, कारण न बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

थोड्या दिवसांनी पाचच्या फोनवर विशाखाचा आवाज अगदी उतरलेला होता. माई देवळात गेल्या होत्या म्हणून मीच होते.

"वहिनी, रेवतीला काढणार आहेत. आकडे खाली आलेत मालिकेचे. धाकट्या दिराला शिकायला परदेशी पाठवलं की ती माहेरी जाणार आणि परत येणार नाही. माझे शेवटचे दोन-तीन भाग राहिलेत."

"मग दुसरं काम?"

"कुणी विचारत नाही. काय लक्षात राहिलंय माझं? रडते ती थोरली सून. अशा पंधरा आहेत इथे. रजा संपत आली गं. परत बँकेत येते. नानांचं खरंच होतं बहुतेक. नाना बघतच नाहीत ना?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या घरात राहून सवय गेली होती. "नाही. ते गॅलरीत असतात तेव्हा. झाडांना पाणी घालतात."

"बघ. मी इकडे आले त्या दिवशीसुद्धा तसंच. स्टँडवर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. टायर बघत फिरत होते. गाडी निघाली तर मागच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, जाऊ द्या म्हणून. जसा काही माल रवाना केला. कसाऱ्यापर्यंत रडत होते मी."

हे मात्र मला सहन झालं नाही. "तू पुढच्या बाजूला बसली होतीस, म्हणून तुला मागचं काही दिसलं नाही," मी म्हणाले. "मी आणि माई तिथेच होतो. टायर का बघत होते? त्या गाडीत तू बसली होतीस म्हणून. ड्रायव्हरला त्यांनी दोनदा विचारलं, ब्रेक लागतात ना नीट. थापा मारल्यावर हात तसाच धरून उभे राहिले. पंजाभर धूळ लागली होती. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी उभे. रिक्षात मी पुसायला रुमाल दिला, तर राहू दे म्हणाले. घरी येईपर्यंत तो हात त्यांनी मांडीवर उलटा ठेवला होता."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"विशाखा?"

"ठेवते वहिनी," ती म्हणाली. "उद्या शूटिंग आहे."

त्याच आठवड्यात बोरस्तेकाकू वर आल्या. बाई गोड बोलायच्या, पण त्या दिवशी हातात ओला टॉवेल होता.

"वृंदा, तुमच्या गॅलरीतून पाणी पडतं गं खाली. वाळत घातलेलं सगळं भिजतं."

"नाना कुंड्यांना पाणी घालतात ना, काकू. सांगते त्यांना."

"घाला की, झाडं आहेत. पण अर्धा अर्धा तास? आठला धार लागते ती साडेआठला थांबते. मध्ये दोन-तीनदा जरा खंड पडतो, पुन्हा सुरू. कुंड्या आहेत का शेत आहे?" टॉवेल पिळत त्या म्हणाल्या, "बरं, शनिवार-रविवारी थेंब नाही. सुट्टी असते वाटतं तुमच्या पाण्याला."

त्या गेल्या आणि मी दारातच उभी राहिले. शनिवारी-रविवारी मालिका नसते. मधला खंड म्हणजे जाहिराती.

मी गॅलरीत जाऊन पाहिलं. कढीपत्त्याची पानं पिवळी पडली होती. बिचाऱ्याची मुळं कुजायला आली होती. बाकीच्या कुंड्या कोरड्या ठक्क. कढीपत्ता नेमका खिडकीशी होता. पूर्वी तो पलीकडच्या कोपऱ्यात असायचा, कधी सरकला कुणाला ठाऊक. मी कुंडीपाशी उभी राहून आत पाहिलं. पडद्याची एक बाजू गजाला अडकवून ठेवलेली होती आणि त्या फटीतून आमचा टीव्ही काठोकाठ दिसत होता.

मला इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावावा लागला. माईंना कधी एकदा सांगते असं झालं होतं, पण त्यांच्या पोटात काही राहिलं नसतं, म्हणून गप्प बसले.

दिराच्या निरोपाचा भाग होता त्या दिवशी आठला मी मुद्दाम खिडकीला पाठ करून बसले. माई शेजारी. मागे झारीचा आवाज सुरू झाला.

मालिकेत बंगल्याच्या दारात मोटार उभी होती. सगळं घर दिराला निरोप द्यायला जमलं होतं. सासू रडली, कॅमेऱ्याकडे तोंड करून. काकी रडली. मामा दोन बोटं डोळ्यांना लावून रडले. एकेकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवून झाला. दिराने वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि शेवटी रेवतीपाशी आला. लहानपणापासून तिनेच त्याला वाढवलेलं, अशी गोष्ट होती. आता ही धाय मोकलून रडणार म्हणून माईंनी पदर तयार ठेवला.

रेवती रडली नाही. ती त्याच्याकडे नीट बघतही नव्हती. मोटारीच्या मागे गेली, डिकी लागली आहे का ते दाबून पाहिलं. मग वाकून मागचं चाक पाहिलं. ड्रायव्हरला काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही. दीर आत बसला. मोटार सुरू झाली आणि विशाखाने मागच्या पत्र्यावर हात आपटला. दोनदा. मोटार गेली. सगळे आत वळले, आणि ती तशीच उभी. हात तसाच अधांतरी धरलेला. मग तिने तो हात उलटा करून पोटाशी धरला, कुठे पुसू नये असा, आणि सावकाश पायऱ्या चढून आत गेली.

माईंचा पदर हातातच राहिला होता. "अगं," त्या एवढंच म्हणाल्या. "अगं, हे तर..."

मागे पाण्याची धार थांबलेली नव्हती. झारी आडवी पडून सगळं पाणी वाहत असावं, कारण खालून बोरस्तेकाकूंचा आवाज आला, "अहो खैरनार, आता पूर येईल!"

मी वळून पाहिलं. नाना खिडकीशी उभे होते. दोन्ही हातांनी गज धरले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. केस, चष्मा, धोतर, कशाचंही त्यांना भान नव्हतं. आपले हात कुठे आहेत तेही त्यांना माहीत नव्हतं.

मी उठले, खिडकीपाशी गेले आणि हात पुढे केला.

"नाना, तिकीट?"

ते रडता रडता हसायला लागले. सगळ्या नोकरीत फुकट्यांनी त्यांना जी उत्तरं दिली असतील, त्यातलं एकही त्यांना सुचलं नाही. चोरासारखे ओल्या पायांनी आत आले, टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी एक नंबरचं बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. मालिकेची शेवटची नामावळी सरकत होती. नाना उभ्यानेच ती पूर्ण वाचून होईपर्यंत थांबले.

"कधीपासून?" माईंनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग समोर बसायला काय धाड भरली होती?"

"समोर बसलो असतो तर बटण दाबावं लागलं असतं," नाना म्हणाले. "आणि ते बटण मालिकेला पडलं नसतं. मुलीला पडलं असतं. बापाचं मत कसं धरायचं? म्हणून आपला बाहेरून बघत होतो. पण बाहेरून बघणं म्हणजे टपावर बसणंच झालं. फुकटच."

माईंनी त्यांच्या हातात टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "आता फोन करा." माझ्या लग्नानंतर माईंनी नानांना आज्ञा दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

फोन विशाखानेच उचलला. नाना खुर्चीत ताठ बसले. आम्ही दोघी कान लावून.

"मी बोलतोय."

"हं."

"पाहिला आजचा भाग."

"हं."

"बाकीच्यांनी रडून गोंधळ घातला. तो मामा तर अगदीच. तुझं..." नाना थांबले. "तुझं खरं होतं. मला वाटलं, मीच उभा आहे."

पलीकडे हुंदका ऐकू आला.

"रडायचंच लिहिलं होतं, नाना," ती म्हणाली. "दिग्दर्शक म्हणाले, डोळ्यांत पाणी पाहिजे. मी म्हटलं, एकदा माझ्या पद्धतीने करू द्या. तशीही जाणारच आहे मी."

"बरं केलंस. फक्त एक आहे."

माईंनी कपाळाला हात लावला.

"थापा हळू पडल्या. एवढ्यानं ड्रायव्हरला ऐकू जात नाही. जोरात मारायच्या."

विशाखा रडत होती की हसत होती, ते फोनवरून कळेना. बहुतेक दोन्ही. "हो नाना," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जोरात."

त्यानंतर त्यांचं बोलणं लांबलं. सिंहापासून ते गाण्याच्या परीक्षकांपर्यंत सगळ्यांवर नानांनी तिला आपलं मत ऐकवलं. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. आमटी दोनदा गरम करावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोनजेंना बोलावलं आणि पेटी घेऊन जायला सांगितलं. सोनजे घाबरले. काही चुकलं का, कुणी काही बोललं का, विचारत राहिले.

"तुमचं काही चुकलं नाही," नाना म्हणाले. "पण आठची मालिका मी आता समोर बसून बघणार आहे. रोज. चांगली असो, टुकार असो. हे काही मत नव्हे. तुमच्या आकड्यात ते घालू नका."

"काका, नियमात बसतंय हो तुमचं."

"माझ्या बसत नाही. आपल्या माणसाच्या गाडीवर आपण तपासणीला चढू नये."

"मेहुण्याच्या वेळी कुठे गेलं होतं हे?" आतून माईंनी विचारलं. नानांनी ते ऐकलं नाही.

पेटी गेली तिथे माईंनी कापडी फुलांची परडी ठेवली. कढीपत्ता मीच पलीकडच्या कोपऱ्यात नेला, त्याला हळूहळू नवी पालवी फुटली. बोरस्तेकाकूंना नानांनी स्वतः जाऊन दोन नवे टॉवेल दिले. आणि रेवतीचं माहेरी जाणं एका आठवड्याने पुढे गेलं, मग आणखी एका. लोकांनी फोन करून विचारलं म्हणे, की त्या न रडणाऱ्या सुनेचं काय झालं. मालिकावाले तिला काढायचंच विसरले. विशाखा बँकेत परत गेली नाही.

नाना रोज आठला समोर बसायचे आणि रोज शिव्या घालायचे. जिन्यावरून उतरणाऱ्या सासूला गुडघे कसे दुखत नाहीत, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. फक्त विशाखा पडद्यावर आली की गप्प बसायचे, आणि ती गेली की पुन्हा सुरू.

त्या वर्षी गणपतीला ती चार दिवस आली. परत जाताना आम्ही सगळे स्टँडवर गेलो. तिच्याभोवती शाळेच्या मुली जमल्या होत्या, सह्या मागत होत्या. नाना तिथे नव्हतेच. ते गाडीला प्रदक्षिणा घालत होते. पुढचा टायर पाहिला, मागचा पाहिला, ड्रायव्हरला काहीतरी विचारून आले. गाडी सुरू झाली तेव्हा ते मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी पत्र्यावर हात आपटला. एकदा, दोनदा.

गाडी हलली, आणि या वेळी मागच्याच खिडकीतून विशाखाने डोकं बाहेर काढलं. मुद्दाम शेवटच्या बाकावर बसली होती.

"ऐकू आलं नाही, नाना," ती ओरडली. "जोरात."

नाना धोतर सावरत गाडीमागे चार पावलं धावले आणि त्यांनी पत्र्यावर असा हात हाणला, की सगळा स्टँड वळून बघायला लागला.